450 रुपयांत डबाभर मीम-प्राणी: महिनाभर खेळून झाल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापलाय छपाईसाठी, आणि अख्खा एक कापलाय आमच्या सासूबाईंचा अपमान केल्याबद्दल, त्याचं खाली येईलच.

तर झालं असं की जानेवारीत इथे बडोद्यात फतेहगंजला हस्तकलेचं एक छोटंसं प्रदर्शन लागलं होतं, मी खरं म्हणजे मातीच्या कुंड्या बघायला गेले होते, आणि कुंड्यांच्या शेजारच्याच टेबलावर कॉलेजची दोन पोरं पत्त्यांचे डबे मांडून बसलेली. डब्यावर लिहिलेलं, इंटरनेटचे वन्यप्राणी. आता मी दांडिया बाजारात अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घेते, एकवीस वर्षं झाली, त्यामुळे वन्यप्राणी म्हणलं की माझा हात आपोआप पर्सकडे जातो. 450 म्हणाला, मी 400 म्हणलं, तर म्हणे आंटी सगळी चित्रं हाताने काढलीयेत, मग मलाच कसंतरी वाटलं आणि पूर्ण पैसे दिले. आंटी म्हणल्याचा राग वेगळा.

डब्यात 54 पत्ते. त्यातले 52 छापील आणि दोन कोरे, कोऱ्यांवर फक्त चौकट आणि खाली चार रकाने. खेळ कसा, तर लहानपणी आपण रेसलिंगवाले ट्रम्प कार्ड खेळायचो ना, वजन उंची छाती रँक, सेम तसाच. फक्त इथे पैलवानाच्या जागी मीम आहे, म्हणजे नेटवर फिरणारी ती गमतीची चित्रं, व्हिडिओ वगैरे. प्रत्येक पत्त्यावर मीमचं चित्र जनावरासारखं काढलंय, म्हणजे झाडावर बसलेलं, गवतातून डोकावणारं वगैरे, खाली अधिवास, खाद्य, शत्रू, आणि मग दहापैकी मार्क: पसरण्याचा वेग, आयुष्य, रूप बदलण्याची क्षमता, विषारीपणा. सगळ्यात खाली रंगीत पट्टी, चिंता नाही, संकटग्रस्त, नामशेष, अशी. मजकूर गुजरातीत आहे. आमच्या घरी त्याचं काही नाही, बडोद्याच्या मराठी घरात गुजराती सगळ्यांना वाचता येतं, आई (म्हणजे सासूबाई) तर मराठीपेक्षा फास्ट वाचतात, पण पुण्याहून भाचा आला होता तो बिचारा प्रत्येक पत्ता दुसऱ्याकडून वाचून घेऊन खेळला आणि अर्थातच हरला. मराठीत पण काढा रे बाबांनो, सयाजीरावांच्या गावात एवढं तरी.

चित्रं खरंच सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. 1996 मधलं ते नाचणारं थ्रीडी बाळ आठवतंय का, ईमेलमधून फिरायचं, ते यांनी दगडात उमटलेल्या जीवाश्मासारखं काढलंय. मी तेवढ्या एका पत्त्यासाठी पन्नास रुपये दिले असते.

पण बायोलॉजीवाली बाई आहे, गप्प कशी बसणार. पहिली तक्रार म्हणजे डब्यात एक छोटी पुस्तिका आहे आणि तिच्यात मीम हा शब्द मुळात कुठून आला त्याबद्दल एक ओळ नाही. अरे हा शब्दच जीवशास्त्रातला आहे! 1976 मध्ये रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानी काढला, इंटरनेट-बिंटरनेट काही नव्हतं तेव्हा. ग्रीकमध्ये मिमीम म्हणजे नक्कल केलेली गोष्ट, त्याची शेपटी कापून मीम केलं, जीनशी यमक जुळावं म्हणून. जीन जसा शरीरातून शरीरात जातो तशी कल्पना डोक्यातून डोक्यात उडी मारते, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी उदाहरणं कसली दिली होती, तर गाण्यांच्या चाली, कपड्यांच्या फॅशन, कमानी बांधायच्या पद्धती आणि मडकी घडवायच्या पद्धती. मडकी! म्हणजे मी मीम बघायलाच गेले होते हो, फक्त शेजारच्या टेबलावर. हा किस्सा पोरांना पुस्तिकेत फुकट टाकता आला असता.

दुसरी तक्रार वर्गीकरणाची, आणि ही माझ्यासाठी मोठी आहे. यांनी कुळं पाडलीयेत दिसण्यावरून. सगळी मांजरं मार्जारकुळात, सगळी कुत्री श्वानकुळात, माणसं एकीकडे. म्हणजे ग्रम्पी कॅट आणि ते इंद्रधनुष्य सोडत उडणारं न्यान कॅट एका कुळात! अहो एक खऱ्या मांजरीचा फोटो, दुसरं 2011 मधलं पिक्सेलचं कार्टून, ज्याला गाण्याशिवाय किंमत नाही. हे म्हणजे पाण्यात राहतो म्हणून व्हेल मासा म्हणण्यासारखं झालं, आणि ती चूक तर प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसनं 1758 मध्येच सुधारलीये. मीम दिसतो कसा हे बघायचंच नाही, त्याची पिल्लं कशी होतात ते बघायचं.

उदाहरण देते. तो फोटो सगळ्यांनी बघितलाय, गर्लफ्रेंडचा हात धरून चाललेला पोरगा मागे वळून दुसरीकडे बघतोय. स्पेनमधल्या एका फोटोग्राफरनं 2015 मध्ये स्टॉक फोटो म्हणून काढला, मीम झाला 2017 मध्ये. त्यात चित्र तेच राहतं, तिघांवरच्या पाट्या तेवढ्या बदलतात. माझ्या ट्यूशनच्या ग्रुपवर सुद्धा आलाय, पोरगा म्हणजे विद्यार्थी, गर्लफ्रेंड म्हणजे बायोलॉजी, आणि ती लाल ड्रेसवाली म्हणजे आयपीएल. समुद्रकिनाऱ्यावर रिकाम्या शंखात राहणारा तो हर्मिट क्रॅब असतो बघा, एक गेला की त्याच शंखात दुसरा येऊन राहतो, हे तसलं प्रकरण आहे. शंख एकच, भाडेकरू वेगळे. पत्त्यावर मात्र याला रूप बदलण्याचे दहापैकी 3 दिलेत, आणि अधिवास लिहिलाय शहरी रस्ते. फोटोत रस्ता दिसतो म्हणून! वाचून मी डोक्याला हात लावला.

आता जिथे जमलंय तिथे जमलंय, ते पण सांगते. रिकरोलचा पत्ता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोणीतरी लिंक पाठवतं की हे बघ रिझल्ट लागला, तुम्ही उघडता आणि समोर रिक ॲस्टलीचं 1987 चं गाणं वाजायला लागतं, 2007 पासून चालू आहे हा चावटपणा. यांनी त्याचं चित्र काढलंय कोकिळेचं, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालताना. वा! परफेक्ट. कावळा बिचारा आपलंच समजून उबवतो आणि आतून निघतं भलतंच. हा पत्ता मी आता वर्गात परजीवी प्रजनन शिकवताना वापरते, पोरं पाच मिनिटांत समजतात जे आधी दोन तासात समजायचं नाही. मागच्या आठवड्यात एकानं मला होमवर्कची पीडीएफ म्हणून लिंक पाठवली आणि काय निघालं असेल ओळखा. कावळी झाले.

आणि त्याच्याच शेजारी दुसरी कोकिळा ठेवलीये, म्हणजे कोकिलाबेन. रसोडे में कौन था. 2020 च्या ऑगस्टमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, आपल्या औरंगाबादच्या यशराज मुखातेनं एका हिंदी सिरियलमधल्या गुजराती सासूच्या डायलॉगला चाल लावली आणि ते रिकाम्या कुकरचं प्रकरण देशभर झालं. गुजराती सासू, मराठी संगीतकार, हिंदी सिरियल, अहो हा तर बडोद्याचाच प्राणी वाटतो. या पत्त्याला वेगाचे 10 आहेत आणि ते मला मान्य, आमच्या घरी अजूनही कुकरची शिट्टी झाली की कोणीतरी विचारतंच. पण आयुष्याचे 4? हे कोणी ठरवलं, कसं मोजलं? पुस्तिकेत त्याबद्दल काहीच नाही. मार्कांचा हा घोळ सगळ्याच पत्त्यांत आहे, मनाला येईल तसे दिलेत असं वाटतं, आमचे हे म्हणाले तुझ्या प्रॅक्टिकलच्या मार्कांसारखे. दुर्लक्ष केलं.

डोजच्या पत्त्यावर तर सरळ चूक आहे. लिंग: नर. नाही! ती कुत्री होती, कबोसू नाव, जपानमधल्या एका बालवाडीच्या शिक्षिकेनं पाळलेली शिबा इनू, 2010 मध्ये तिचा तो तिरपं बघणारा फोटो मालकिणीनंच ब्लॉगवर टाकला आणि 2013 मध्ये तर तिच्या तोंडावर आख्खी क्रिप्टोकरन्सी निघाली. 24 मे 2024 ला गेली, 18 वर्षांची होऊन. आता गंमत बघा, तिच्या पत्त्याची पट्टी हिरवी, चिंता नाही, आणि ग्रम्पी कॅट 2019 मध्ये गेली तर तिची पट्टी काळी, नामशेष. दोघी गेल्या, मग एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा का? मी यावर रात्री जेवताना चांगलं पंधरा मिनिटं भाषण दिलं, की बाबांनो जनावर मरणं वेगळं आणि मीम मरणं वेगळं, ग्रम्पीचा फोटो उद्या सकाळी कोणी वापरला की ती जिवंत, आणि धडधाकट माणसाचं मीम कोणी वर्षभर पाठवलं नाही तर ते डोडो. नववीतला चिरंजीव म्हणाला आई भाजी वाढ.

बेडकाचा पत्ता मात्र मला खरंच खटकला. पेपे हा हिरवा बेडूक 2005 मधला एका अमेरिकन कॉमिकमधला, आळशी, पिझ्झा खाणारा, निरुपद्रवी प्राणी. पुढे नेटवरच्या द्वेष पसरवणाऱ्या टोळक्यांनी उचलला, आणि 2016 मध्ये अमेरिकेत एका ज्यू संघटनेनं त्याची ती रूपं द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत घातली. तिथेच गोष्ट संपत नाही, 2019 मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात तरुण पोरंपोरी तोच बेडूक भिंतीवर काढत होती, त्यांच्यासाठी तो आपला दोस्त. पत्त्यावर विषारीपणा थेट 10, विषय संपला. आणि इथेच खरं बायोलॉजी हवं होतं. दक्षिण अमेरिकेतले ते रंगीबेरंगी विषारी बेडूक असतात ना, ते बहुतेक विष स्वतः तयार करत नाहीत, जंगलात मुंग्या आणि माइट्स खातात त्यातून ते अंगात साठतं. पिंजऱ्यात वाढवा, वेगळं खाऊ घाला, विष नाही. पेपेचं तंतोतंत हेच आहे, कोण काय खाऊ घालतं त्यावर सगळं. त्या पत्त्यावर विषारीपणाचा आकडा छापायच्या ऐवजी रकाना कोरा सोडून खेळणाऱ्याला फासा टाकायला लावला असता तर मी पूर्ण स्टार दिला असता.

बरं आता सासूबाई.

पत्ता नंबर 17, गुड मॉर्निंग. चित्र: गुलाबाच्या पाकळ्या असलेलं गाजर गवत. खाली लिहिलंय आक्रमक तण, अधिवास फॅमिली ग्रुप, विषारीपणा 8, शत्रू फोनचं स्टोरेज. आता यात तथ्य आहे हो, 2018 च्या सुरुवातीला बातम्या आल्या होत्या की भारतातले फोन सारखे भरून का हँग होतात हे गूगलच्या लोकांनी शोधलं तर खाली सूर्योदय, फुलं आणि सुविचारांचा ढीग निघाला. गाजर गवताची उपमा पण तशी बरोबर, पुण्याकडे 1950 च्या दशकात पहिल्यांदा दिसलं आणि मग बघता बघता देशभर. आम्ही सगळे हसलो. आई हसल्या नाहीत. पत्ता हातात घेतला, चष्मा वर केला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, मी रोज बावीस जणींना पाठवते. मागे मला ताप होता तेव्हा एक दिवस पाठवलं नाही, तर साडेआठला देवासहून फोन आला की तू बरी आहेस ना. तुमच्यापैकी कोणी विचारलं होतं का साडेआठपर्यंत?

घरात एकदम शांतता. कारण कोणीच विचारलं नव्हतं.

आणि मग मला माझीच लाज वाटली, कारण हे मी दरवर्षी शिकवते. आपल्या अंगणात सातभाई पक्षी येतात बघा, सहा-सात जण, दिवसभर कचकच कचकच, लोक म्हणतात काय भांडतात मेले. भांडत नसतात दरवेळी. बरंचसं ते असतं मी इथे आहे, तू कुठे आहेस, एवढंच. कॉन्टॅक्ट कॉल म्हणतात त्याला. त्या आवाजात माहिती काहीच नसते, आवाज आला हीच माहिती, आणि आला नाही तर गडबड आहे ही त्याहून मोठी माहिती. सकाळी सहा वाजता आलेल्या त्या चकाकणाऱ्या गणपतीवर काय लिहिलंय ते कोण वाचतं, आईपण वाचत नाहीत. तर पोरांनो तुम्ही पक्षी तणात घातलात. स्टार गेला. आईंनी त्याच बसल्या बैठकीला बॉलपेननं 8 खोडून 0 केलाय आणि त्यामुळे विषारीपणावर खेळलं की तो पत्ता आता कायम हरतो, पण त्यांना चालतं म्हणाल्या.

खेळायला मजा येते का, तर हो, खूप. चार जण लागतात, अर्धा तास जातो. मध्ये मध्ये वन विभाग नावाचे तीन पत्ते आहेत, ते पडले की समोरच्याचा वेग अर्धा. ही आयडिया व्हॉट्सॲपवरून घेतलीये, 2018 मध्ये त्यांनी भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली आणि 2020 मध्ये ते दोन बाणवाले, फार फिरलेले मेसेज एका वेळी एकालाच. कुंपणच की ते. अजून एक पत्ता आहे स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट, त्यात प्राणी इतका धूसर आणि चौकोनी झालाय की ओळखू येत नाही, म्हातारपण असं लिहिलंय खाली. हा आवडला.

छपाईचं बोलायचं तर कोपरे दुसऱ्याच दिवशी उसवायला लागले, लॅमिनेशन हलकं आहे, चहाचा थेंब पडला तर शाई पसरते (विचारू नका कोणाच्या चहाचा). आणि माझ्या डब्यात 31 नंबर नाहीच, त्याऐवजी 30 नंबर दोनदा. तो 30 नंबर कोण, तर 2019 च्या वर्ल्डकपमध्ये टाँटनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून कॅच सुटला तेव्हा कमरेवर हात ठेवून बघणारा तो निराश प्रेक्षक. म्हणजे डबा उघडला तर तो माणूस माझ्याकडे दोनदा तसं बघतोय. फोन केला तर पोरगा म्हणाला आंटी नवीन लॉट आला की पाठवतो. सव्वा महिना झाला. चिरंजीव म्हणतो 31 नंबर बहुतेक खरंच नामशेष झाला असेल.

पण मला सगळ्यात जास्त आश्चर्य कशाचं वाटलं माहितीये का, डबा बडोद्यात बनलाय, पोरं बडोद्याची, आणि 52 मध्ये मगर नाही! विश्वामित्रीच्या काठावर राहून! ऑगस्ट 2024 चा पूर विसरलात का, आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती, अकोट्याला घराच्या पत्र्यावर मगर बसलेली, आणि पाणी उतरल्यावर तो व्हिडिओ, दोन स्वयंसेवक स्कूटरवर, मागच्यानं मांडीवर आख्खी मगर आडवी धरलेली, तोंड बांधलेलं, आणि चाललेत वन विभागाकडे सोडायला. लाइट आली तेव्हा आधी फोन चार्ज केले आणि पहिली बघितली ती मगर. पुण्या-मुंबईच्या सगळ्या नातेवाईकांनी आम्हाला तो पाठवला, जणू आम्ही इथे राहतच नाही. खरा वन्यप्राणी, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, आणि खरा मीम, एकाच स्कूटरवर, यापेक्षा अजून काय पाहिजे होतं?

म्हणून दोन कोऱ्यांपैकी एकावर आम्ही ती काढली. चित्र चिरंजीवानं काढलं, मगर बरी जमलीये, स्कूटर म्हशीसारखी दिसते. अधिवास: नदी, नाला, पत्रा, पुढची सीट आणि मागची सीट यांच्या मधली जागा. शत्रू: पार्किंगवाले. विषारीपणा 0, रूप बदलण्याची क्षमता 6, आयुष्याचे आईंनी 10 दिले, म्हणाल्या पूर दर काही वर्षांनी येतोच. फक्त वेगाचा रकाना अजून रिकामा आहे, कारण आमचे हे म्हणतात स्कूटरचा धरायचा, चिरंजीव म्हणतो व्हिडिओचा धरायचा, आणि मी म्हणते जनावर मगर आहे तर पाण्यातलाच धरला पाहिजे, आणि तोपर्यंत तो पत्ता कोणी वेगावर खेळायचा नाही असं ठरलंय.